लघवीच्या पिशवीचं जुनं दुखणं आणि नवराबायकोची जवळीक, कुणाला अनुभव आहे का?

निपाणीकडची
नमस्कार मंडळी. विषय अवघड आहे खरं इथं नाही विचारलं तर कुठं विचारणार. वय ३३, निपाणीजवळचं गाव, एक मुलगी आहे. गेली काही वर्षं लघवीची पिशवी भरत आली की ओटीपोटात दुखायला लागतं, जळजळतं, करून आलं की जरा बरं आणि थोड्या वेळानं परत तेच. रात्रीची सलग झोप अशी नाहीच. आधी घरात सगळे म्हणाले उन्हाळी लागली असेल, मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली सगळं झालं. नंतर युरीन इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक, एक कोर्स संपला की दुसरा, आणि कल्चरच्या रिपोर्टमध्ये दरवेळी जंतू काहीच नाहीत. शेवटी कोल्हापूरला एका युरोलॉजिस्टनी दुर्बिणीतून बघून आजाराचं नाव सांगितलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. ब्लॅडर पेन सिंड्रोम पण म्हणतात म्हणे. अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्रीची चालू केली, तिखट-आंबट कमी करायला सांगितलं, त्यानं थोडा फरक आहे.

माझा प्रश्न पुढचा आहे. संबंध आला की त्या वेळी तर दुखतंच, पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू होतं ते तीन-चार दिवस उतरत नाही, लघवीला बसलं की डोळ्यात पाणी येतं. मिस्टर समजूतदार आहेत, एका शब्दानं बोलत नाहीत, उलट आता जवळच येत नाहीत, हातसुद्धा लावत नाहीत, कारण त्यांना वाटतं माझ्यामुळं हिला त्रास. आणि मला वाटतं यांचं मन उडालं. एका खोलीत राहून दोघं दोन टोकाला. त्यात सासूबाईंचं दुसऱ्या मुलाचं चालू असतं. डॉक्टरांच्या समोर मिस्टर बसलेले, मागं पेशंटची रांग, तिथं तोंडच उघडलं नाही. यावर काही उपाय असतो का, की हे असंच आयुष्यभर?

मलप्रभाकाठ
ताई तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी खानापूरची आणि मला वाटायचं आपल्या भागात हे फक्त मलाच आहे. तुमच्यासारखंच, फक्त माझं निदान व्हायला जास्तच वेळ लागला. मी तर बेळगावला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी बंद करायची, बसमध्ये मधेच लागली तर काय करायचं, स्टँडवरच्या संडासात जायचं धाडस होत नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि तीच पिशवीला जास्त झोंबते. आता थोडं थोडं पाणी दिवसभर पिते, एकदम तांब्याभर नाही. चहा बंद केला तेव्हा पहिला आठवडा डोकं धरून बसले होते पण खरंच फरक पडला. नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच आमच्याकडं झालं होतं. त्यावर नंतर सविस्तर लिहिते, आता स्वयंपाक राहिलाय.

चिक्कोडीकर_पाटील
वहिनी ही सगळी उष्णता आहे. आमच्या आईला असाच त्रास होता, गोखरूचा काढा आणि रोज सकाळी लिंबूपाणी, महिन्यात बंद. इंग्लिश औषधानं उष्णता वाढतेच. आणि मन शांत ठेवा, अर्धा आजार टेन्शनचा असतो.

टिळकवाडीची_फिजिओ
पाटील दादा, तुमच्या आईंना बरं वाटलं ही चांगली गोष्ट, पण लिंबूपाण्याचं इथं कुणी मनावर घेऊ नका. या आजारात लिंबू, संत्री, टोमॅटो, चहा-कॉफी, सोडा घातलेली पेयं, तिखट, दारू यांनी बऱ्याच जणांचं दुखणं भडकतं, क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी सुद्धा. सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही, म्हणून संशयाचे सगळे पदार्थ काही आठवडे बंद करून मग एकेक परत चालू करून बघायचं आणि लिहून ठेवायचं. आपल्याकडं संकेश्वरी मिरचीचा ठेचा आणि आमटीत चिंच रोजची, त्यामुळं कशानं भडकलं ते कळतच नाही, सगळं एकाच ताटात असतं.

टेन्शनचं म्हणाल तर टेन्शननं दुखणं वाढतं हे खरं आहे, टेन्शननं हा आजार होतो हे खरं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एक केल्यामुळं कितीतरी बायकांना "तुमच्या मनात आहे" असं ऐकून घरी जावं लागलंय. माझ्याकडं येतात त्या रडतच येतात.

आता निपाणीच्या ताईंसाठी. संबंधाच्या वेळचं दुखणं आणि नंतरचे ते तीन-चार दिवस, यात नुसती पिशवी नसते, बहुतेक वेळा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पण असतात. पेल्विक फ्लोअर म्हणतात त्याला. पिशवी, योनी, गुदद्वार या तिन्हींना खालून धरून ठेवणारे स्नायू आहेत हे. आत सतत दुखत राहिलं की हे स्नायू आपोआप आवळून बसतात, घट्ट वळलेल्या मुठीसारखे, आणि ती मूठ महिनोन्महिने उघडतच नाही. मग आत काहीही जाताना दुखणारच, आणि नंतर त्याच स्नायूंमुळं लघवीची घाई, जळजळ चालू राहणार, जंतू नसताना सुद्धा. भीती वाटली की अजून आवळतात. म्हणजे तुम्ही मनानं तयार असलात तरी शरीर तयार नसतं.

यावर हातानं करायची फिजिओथेरपी असते, मायोफेशियल म्हणतात. बाहेरून पोट-मांड्या-कंबर आणि तुमची परवानगी असेल तर योनीमार्गातून एका बोटानं ते गाठाळलेले स्नायू हळूहळू सैल करायचे. २०१२ साली अमेरिकेत यावर नीट चाचणी झाली होती, ८१ बायका, निम्म्यांना ही थेरपी आणि निम्म्यांना सगळ्या अंगाचा साधा मसाज. थेरपीवाल्यांत ५९ टक्के बायकांना चांगला फरक, मसाजवाल्यांत २६ टक्के. या आजारात एवढा फरक दाखवणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत म्हणून मी हे सगळीकडं सांगत असते.

अजून एक फार महत्त्वाचं, केगल करू नका. युट्यूबवर बघून बायका आवळायचे व्यायाम करतात, इथं आधीच आवळलेलं आहे, त्यानं दुखणं वाढतं. उलटं करायचं, सैल सोडायला शिकायचं. पोटानं सावकाश श्वास, बालासन, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेऊन बाजूला सोडायचे. आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, अमिट्रिप्टिलिननं ते होतं, तर डॉक्टरांना सांगा.

बेळगावात केएलईचं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, तिथं विचारा की पेल्विक फ्लोअरचं काम करणारी बाई फिजिओ कोण आहे. कोल्हापुरात तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मानेचं-कंबरेचं करणारा प्रत्येक फिजिओ हे करत नाही, म्हणून फोनवर आधी विचारून मग जा.

निपाणीकडची
ताई हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर सहा महिने केगलच करत होते, एका ग्रुपवर बघून. आजपासून बंद.

शहापूरकर
मी पुरुष आहे, लिहू का नको विचार करूलोय. हा आजार बायकांचाच नाही. मला ओटीपोटात आणि खाली मधोमध दुखूलंय बरीच वर्षं, सगळ्यांनी प्रोस्टेटची सूज म्हणून औषधं दिली, शेवटी एकानं सांगितलं की पिशवीचं दुखणं पण असू शकतं, दोन्हीची लक्षणं एकमेकांत मिसळतात. वीर्य बाहेर पडताना आणि नंतर तासभर जे दुखतं ते कुणाला सांगायची सोय नाही. बायकोला वाटायचं यांचं बाहेर काहीतरी आहे म्हणून टाळतात. पुरुषानं "दुखतं म्हणून नको" म्हटलेलं कुणाला पटतंय काय.

निपाणीच्या वहिनींना एकच सांगतो. तुमच्या मिस्टरांचं मन उडालेलं नाही. ज्याचं मन उडतं तो जवळ यायला भीत नाही, तो दुसरीकडं बघतो. ते भ्यालेत. त्यांच्याशी बोला, खरं रात्री अंथरुणात नको, त्या वेळी दोघंही ताणात असतात. आम्ही संध्याकाळी गाडीवरून फिरायला जायचो, समोर बघत बोलायला सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

मलप्रभाकाठ
काल अर्धवट राहिलं ते लिहिते. आमच्याकडं कोंडी कशी फुटली तर एका बाई डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं की दीड-दोन महिने संबंध पूर्ण बंद, ठरवून बंद. पण रोज एकमेकांच्या जवळ झोपायचं, हात धरायचा, पाठ चोळून द्यायची, कपाळावर ओठ टेकवायचे, पुढं जायचंच नाही हे दोघांनाही आधीच माहीत. ऐकायला विचित्र वाटलं. पण बघा, त्याआधी ह्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी माझं अंग आखडायचं, कारण पुढं काय होणार ही धास्ती. धास्ती गेली तशी मीच त्यांच्या कुशीत जायला लागले. मग हळूहळू, आत न जाता एकमेकांना सुख कसं द्यायचं ते शिकलो. लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्हाला ते माहीतच नव्हतं, एकच गोष्ट म्हणजे संबंध असं डोक्यात. आता अधूनमधून नेहमीसारखे पण संबंध येतात, महिन्यातून कधी एकदा कधी दोनदा, पण जवळीक रोजची आहे. ती परत आली हे मला जास्त मोलाचं वाटतं.

संकेश्वर_अक्का
माझं वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली. माझ्या पिशवीच्या दुखण्यात कोरडेपणाची भर पडली होती. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ होते, लघवीच्या वाटेची सुद्धा, मग सगळंच झोंबतं. मला गायनॅकनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, आत लावायचं, आधी रोज मग आठवड्यातून दोनदा. दोन-तीन महिन्यांनी फरक कळला. या वयात कशाला हे सगळं असं माझ्या जावेनंच मला ऐकवलं. का नको? नवरा आहे, आम्ही दोघंच घरात आहोत, पोरं पुण्याला.

अजून एक सांगते, आमच्या निपाणी-संकेश्वर भागात बायका मशेरी लावतात, तंबाखूच्या वखारीत, विडीच्या कामात आयुष्य गेलेलं असतं. लघवीतून रक्त आलं तर उन्हाळी म्हणून घरात बसू नका. तंबाखूनं पिशवीचा कॅन्सर होतो हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, मला वाटायचं तंबाखूचा कॅन्सर तोंडालाच.

मिरजेची_सिस्टर
अक्का अगदी बरोबर. मी मूळची कागवाडची, मिरजेत युरॉलॉजी वॉर्डला बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते, डॉक्टर नाही पण रोज बघितलेलं आहे.

हा आजार आहे असं म्हणायच्या आधी दुसरं काही नाही ना ते बघावं लागतं. जंतू, खडा, कॅन्सर, बायकांत एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं, आणि आपल्या देशात टीबी. लघवीत पसपेशी दिसतात पण साध्या कल्चरला काही उगवत नाही असं परत परत होत असेल तर टीबीची वेगळी तपासणी करायलाच पाहिजे, मूत्रमार्गाचा टीबी वर्षानुवर्षं लपून राहतो आणि पिशवी आकसून जाते. निपाणीच्या ताई, तुमची झाली नसेल तर विचारून घ्या. सहा आठवड्यांच्या वर त्रास आणि दुसरं कारण काही नाही, मग हे नाव देतात.

दुर्बिणीत काहींच्या पिशवीत लाल चट्टे दिसतात, हनर लीजन म्हणतात, गाय हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९१५ साली त्याचं वर्णन केलं होतं. थोड्याच पेशंटमध्ये असतात पण असतील तर विचारून घ्या, कारण ते चट्टे जाळले किंवा तिथं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर कित्येकांना बरेच महिने आराम मिळतो. परत येऊ शकतात, परत करता येतं.

औषधांचं म्हणाल तर सगळ्यांना चालणारी एक गोळी नाही. अमिट्रिप्टिलिन दुखण्याच्या नसा शांत करायला देतात, कमी डोसनं सुरू करून वाढवतात, तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, काही जणांची इच्छाच कमी होते त्यानं. ताई तुम्हाला तसं वाटत असेल तर तो तुमच्या प्रेमाचा दोष नाही, गोळीचा असू शकतो, डॉक्टरांना सांगा, पण मनानं एकदम बंद करू नका. हायड्रॉक्सिझिन ही ॲलर्जीची गोळी पण काहींना देतात. पेंटोसान पॉलीसल्फेट नावाची कॅप्सूल आहे, अमेरिकेत १९९६ साली या आजारासाठी मंजूर झाली, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, फरक कळायला तीन ते सहा महिने लागतात. पण ती वर्षानुवर्षं घेतलेल्या काहींच्या डोळ्याच्या पडद्यावर डाग आढळले आणि २०२० मध्ये तिच्यावर तसा इशारा छापला गेला. म्हणून ती घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा आणि नंतर अधूनमधून तपासत राहायचं.

नळीनं पिशवीत औषध सोडायचा पण एक प्रकार आहे. हेपरिन आणि लिग्नोकेन, किंवा हायलुरॉनिक ॲसिड, किंवा डीएमएसओ. डीएमएसओ फार जुनं, १९७८ पासून अमेरिकेत मंजूर आहे. ते घेतल्यावर एक-दोन दिवस अंगाला आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. आमच्या वॉर्डातून एक बाई घरी गेली आणि नवऱ्याशी तेवढ्यावरून बिनसलं, म्हणून आम्ही पुढं प्रत्येकीला आधीच सांगायला लागलो. भूल देऊन पिशवीत पाणी भरून थोडी ताणायची पण पद्धत आहे. त्यापुढं पिशवीच्या भिंतीत बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, त्यात काहींना काही दिवस स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते, ती तयारी असेल तरच. मणक्याच्या खालच्या नसांना करंट देणारं छोटं मशीन बसवतात, ते महाग आहे. पिशवी काढणं हे अगदी शेवटचं, क्वचित.

आणि जे करायचं नाही ते पण सांगते. जंतू नसताना महिनोन्महिने अँटिबायोटिक नाही, कायमच्या स्टिरॉइडच्या गोळ्या नाहीत. अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशननं २०२२ मध्ये नियम सुधारले, त्यात आधी हे मग ते अशी पायऱ्यांची पद्धत काढून टाकली आणि पेशंट बघून उपचार निवडा म्हटलंय. वागणूक, आहार, फिजिओ, गोळी, नळीचं औषध, जे लागेल ते एकत्र सुद्धा चालू शकतं. सगळ्यांत आधी गोळी संपवा मग फिजिओ, असं थांबून राहायची गरज नाही.

निपाणीकडची
सिस्टर, टीबीचं कुणी बघितलेलंच नाही, फाईल काढून आत्ता परत वाचली. या खेपेला विचारते. फिजिओताई आणि सिस्टर, एक विचारू का, संबंध जेव्हा येईल तेव्हा काय काळजी घ्यायची, नेमकं सांगाल का? लाज सोडून विचारतेय.

टिळकवाडीची_फिजिओ
लाज कसली ताई, हेच विचारायला पाहिजे. पिशवीची आणि लघवीच्या नळीची बाजू योनीच्या पुढच्या भिंतीला चिकटून असते, त्यामुळं ज्या स्थितीत पुढं, पोटाच्या बाजूला दाब येतो ती नको. कुशीवर झोपून, नवरा पाठीमागं, ही बऱ्याच जणींना सोसते. किंवा तुम्ही वर, म्हणजे किती आत आणि किती जोरात ते तुमच्या हातात राहतं. तरीही प्रत्येकीचं वेगळं असतं, जिथं दुखलं तिथं थांबायचं, आणि थांबायचा शब्द आधीच ठरवून ठेवायचा म्हणजे मधेच थांबलं तर कुणाला अपमान वाटत नाही.

आधी लघवी करून यायचं, नंतर पण. वंगण भरपूर वापरायचं, पाण्याचं असतं ते, त्यात वास, चव, गरम करणारं असं काही नको, ते झोंबतं. खोबरेल तेल काहींना चालतं पण निरोध वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं. निरोधावर शुक्राणू मारणारं औषध लावलेलं असेल तर ते पण झोंबतं. आधी गरम पाण्यात पंधरा मिनिटं बसलं तर स्नायू सैल पडतात. नंतर जळजळलं तर कुणाला ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी बरी वाटते, कुणाला खाली फडक्यात गुंडाळलेला बर्फ, तुम्हाला काय सोसतं ते बघा. आणि घाई नको. इच्छा जागी व्हायच्या आधी आत गेलं तर चांगल्या शरीराला सुद्धा दुखतं.

मिरजेची_सिस्टर
यात भर. दुखणं ज्या दिवशी भडकलेलं आहे त्या दिवशी नको, सरळ नको म्हणायचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींना वाढतं, महिनाभर लिहून ठेवलं की आपले बरे दिवस कुठले ते कळतं. आणि अमेरिकेत २०११ साली रँड नावाच्या संशोधन संस्थेनं या आजाराच्या बायकांची मोठी पाहणी केली होती, जोडीदार असलेल्यांत दहातल्या जवळपास नऊ जणींनी संबंधात काहीतरी अडचण सांगितली. म्हणजे ही अडचण आजाराचाच भाग आहे. तुमच्या डॉक्टरांना ती माहीत असायला पाहिजे, आणि त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगायचं.

हुक्केरीची_लेक
सांगायचं कसं हाच तर प्रश्न आहे. माझं लग्न होऊन मी आता आत कन्नड भागात आहे, डॉक्टरांना मराठी येत नाही, माझं कन्नड बाजारापुरतं. मग नवरा मधे बसून सांगतो. आता नवरा काय सांगणार डॉक्टरला, की माझ्यामुळं हिला दुखतं? तो नुसतं "लघवीचा प्रॉब्लेम" म्हणतो आणि चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर.

मिरजेची_सिस्टर
ताई कागदावर लिहून न्या. कन्नड येणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडून लिहून घ्या, तेही नको वाटलं तर फोनवर मराठीत टाईप करून कन्नडमध्ये करून घ्या आणि कागद डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवा. तीन-चार ओळी पुरे, किती दिवस दुखतंय, लघवी भरल्यावर वाढतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का नंतर, किती दिवस टिकतं, जंतू निघाले होते का. त्याबरोबर दोन-तीन दिवसांची लघवीची डायरी, किती वाजता, किती मिली, एखादं मापाचं भांडं ठेवायचं संडासात. आणि तपासणीच्या वेळी नवऱ्याला बाहेर बसवायचा तुम्हाला हक्क आहे, तिथल्या सिस्टरला खूण करा, आम्हाला कळतं. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं काउंटरवरच सांगा.

शहापूरकर
मिस्टरांना बाहेर बसवा खरं नंतर एकदा आत पण बोलवा. आमच्या डॉक्टरांनी बायकोला बोलावून पाच मिनिटं समजावलं त्यानं जे झालं ते मी वर्षभर सांगून झालं नव्हतं. घरच्या माणसानं सांगितलं की निमित्त वाटतं, डॉक्टरनं सांगितलं की आजार वाटतो.

चिक्कोडीकर_पाटील
फिजिओताई, लिंबूपाण्याचं लक्षात घेतलं. गोखरूचं काय मग?

मिरजेची_सिस्टर
दादा, निपाणीच्या ताईंनी जे काही घेतलं असेल ते डॉक्टरांना दाखवू देत. काढ्यात नक्की काय आहे हे माहीत नसताना या गोळ्यांबरोबर घेणं बरं नाही, पेंटोसाननं रक्त थोडं पातळ होतं, त्यात अजून कशाची भर नको.

निपाणीकडची
मिस्टरांना हा धागा वाचायला दिला काल. फार काही बोलले नाहीत, पण मलप्रभाताईंचं ते दीड महिना बंद ठेवायचं त्यांना पटलं, म्हणाले निदान कुशीत तरी झोपता येईल. फिजिओची चौकशी पण त्यांनीच केली, कोल्हापुरात एक बाई आहेत, पुढच्या आठवड्यात जायचंय.

आता शेवटचा एक प्रश्न. दुसरं मूल आम्हालाही हवंय, सासूबाईंसाठी नाही, आमच्यासाठी. या आजारात दिवस राहायला अडचण येते का? आणि एवढं दुखत असताना रोज रोज कसं जमणार?

मिरजेची_सिस्टर
पिशवीच्या या आजारानं गर्भाशयाला काही होत नाही, दिवस राहतात. अडचण फक्त संबंधाच्या दुखण्याची आणि औषधांची. रोज गरज अजिबात नाही. पाळी नियमित अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं, पाळीचा पहिला दिवस हा एक धरायचा. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे दहाव्या ते पंधराव्या दिवसात एक दिवसाआड दोन-तीनदा जमलं तरी पुष्कळ आहे, बाकी महिना पिशवीला विश्रांती. पाळी मागंपुढं होत असेल तर गायनॅककडून सोनोग्राफीनं बीज बघून घेता येतं, म्हणजे नेमके दिवस कळतात. त्या दिवसांत वंगण वापरताना गायनॅकला विचारा, काही वंगणांत शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यासाठी वेगळी मिळतात.

पण सुरू करायच्या आधी युरोलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांनाही सांगा की मूल हवंय. अमिट्रिप्टिलिन चालू ठेवायची का बदलायची ते ते ठरवतील, मनानं बंद करायची नाही. डीएमएसओ, बोटॉक्स असलं काही त्या काळात नको. गरोदरपणात काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं वाढतं, आधी सांगता येत नाही. आणि टीबीची तपासणी त्याआधी करून घ्या, हे विसरू नका.

हुक्केरीची_लेक
सिस्टर, टीबीची तपासणी म्हणजे नेमकी कुठली मागायची? मी पण कागदावर लिहून नेते.

मिरजेची_सिस्टर
सकाळची पहिली लघवी, तीन वेगवेगळ्या दिवशी, टीबीच्या कल्चरसाठी. त्याबरोबर सीबीनॅट नावाची तपासणी पण असते, ती लवकर कळते. सरकारी दवाखान्यात टीबीचा विभाग असतो, तिथं आधी विचारा. कागदावर एवढं लिहा, "लघवीत पसपेशी, साध्या कल्चरमध्ये वाढ नाही, टीबीसाठी तपासावे". डॉक्टरांना लगेच कळतं.